पाणी कोठून येते, कोठे मुरते: मुंबईतल्या पहिल्या घराची देखभाल

भाड्याच्या घरात भिंतीवर ओलीचा डाग उमटला, तर आपण घरमालकाला फोन करतो. स्वतःच्या घरात तसाच डाग उमटला की फोन कोणाला करायचा हे कळत नाही, कारण घरमालक आता आपणच असतो. गृहकर्ज, मुद्रांक शुल्क, नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र यांविषयी सांगणारी माणसे घर घेताना पावलोपावली भेटतात. ताबा मिळाल्यानंतर त्या घराची निगा कशी राखावी हे समजावून सांगणारे मात्र क्वचितच कोणी भेटते. बोरिवलीत आम्ही पहिले घर घेतले, तेव्हा आमचे दोन पावसाळे कोरडे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात झोपायच्या खोलीतल्या एका भिंतीचे पोपडे सुटू लागले. आम्ही पोपडे खरवडून, पुट्टी भरून रंग दिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले. त्यानंतर आलेल्या एका वयस्कर प्लंबरने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने एवढेच विचारले, “ताई, ह्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?” पलीकडे न्हाणीघर होते.

त्या प्रश्नापासून माझा घराकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. मुंबईतल्या घराच्या देखभालीचा बहुतेक भाग हा पाण्याचा हिशोब असतो, असे माझे आता पक्के मत झाले आहे. पाणी घरात कोठून येते, कोठे थांबते, कोठे मुरते आणि कोठून बाहेर जाते, एवढे ज्याला आपल्या घरापुरते सांगता येते, त्याच्या घरातली बुरशी, दुर्गंधी, झुरळे, डास, पोपडे आणि गंजलेल्या सळया यांपैकी निम्म्याहून अधिक त्रास वेळीच आवरता येतो. साफसफाईलासुद्धा हेच सूत्र बऱ्याच अंशी लागू पडते.

ओल ही केवळ दिसण्याची बाब का नाही

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, म्हणजे एकदा भिजलेली भिंत सुकायला वावच मिळत नाही. शिवाय समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते, आणि हे मीठ इमारतीच्या आयुष्यात फार मोठी भूमिका बजावते.

आपली घरे सिमेंट काँक्रीट आणि त्याच्या पोटातल्या लोखंडी सळया यांवर उभी असतात. ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३ च्या आसपास असतो, आणि या अल्कतेमुळे सळईभोवती एक पातळ संरक्षक थर तयार होतो. तो थर शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलाव्यासह काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि ही अल्कता कमी करतो, तर खाऱ्या हवेतले क्लोराइड त्या संरक्षक थरालाच भोके पाडतात. दोन्ही गोष्टी घडायला ओलावा लागतोच. एकदा सळई गंजू लागली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधी कधी कित्येक पट जागा लागते. आतून निर्माण झालेल्या त्या दाबामुळे काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो, तड्यातून आणखी पाणी शिरते आणि अखेर स्लॅबच्या खालच्या बाजूचे काँक्रीट ढलप्यांनी निखळते. जुन्या इमारतींत छताचा तुकडा पडल्याची जी बातमी आपण वाचतो, तिची सुरुवात पुष्कळदा कोणाच्या तरी न्हाणीघरातल्या दुर्लक्षित गळतीपासून झालेली असते. म्हणून छतावर सरळ रेषेतला तडा, त्याच्या कडेने तपकिरी डाग आणि ठोकल्यावर पोकळ आवाज अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर रंगाऱ्याला न बोलावता स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

डागाचे मूळ शोधणे

भिंतीवरच्या ओलीचे मूळ शोधण्यासाठी सुरुवातीला कोणतेही यंत्र लागत नाही. लागते ती चिकाटी आणि एक वही. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी आणि दोन-तीन आठवडे तो कधी वाढतो, कधी सुकतो याची नोंद ठेवावी. डाग कोणत्या वेळी वाढतो यावरून पाणी कोठून येते याचा बहुतेक उलगडा होतो.

केवळ पावसाळ्यात येणारी आणि हिवाळ्यात सुकणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीतून येते. मुंबईत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळे पावसाचा मारा प्रामुख्याने पश्चिम आणि दक्षिण बाजूंवर होतो, त्यामुळे एकाच इमारतीत पश्चिमेकडच्या खोल्या भिजतात आणि पूर्वेकडच्या कोरड्या राहतात, हे आपण पाहतो. अशा वेळी बाहेरच्या गिलाव्याला गेलेले तडे, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्जाचा आतल्या बाजूला असलेला उतार किंवा ग्रील बसवताना पाडलेली आणि न बुजवलेली भोके तपासावीत. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी लहान भोके असतात. ती धुळीने बुजली की पट्टीत साचलेले पाणी खोलीच्या बाजूने उतू जाते आणि खिडकीखालची भिंत भिजते. जुन्या टूथब्रशने ती भोके मे महिन्यात साफ केली, तर कित्येक घरांतली ‘भिंतीची गळती’ तेवढ्यानेच थांबते.

वर्षभर, रात्रंदिवस, सारख्याच प्रमाणात राहणारी ओल दाबाखालच्या पाण्याच्या नळाकडे बोट दाखवते, म्हणजे भिंतीत पुरलेली नळाची पाइपलाइन कोठेतरी ठिबकत असते. कोणी आंघोळ केल्यावर किंवा कपडे धुतल्यावर काही वेळाने वाढणारी ओल सांडपाण्याच्या वाटेची असते: नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटीच्या, भोवतीचा सांधा, फुटलेले ग्राउट, म्हणजे लाद्यांच्या फटींत भरलेला लेप, किंवा खालचे वॉटरप्रूफिंग. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी त्या न्हाणीघराचा स्टॉप कॉक बंद करून न्हाणीघर काही दिवस वापरू नये आणि मग एकदा नुसता कॉक उघडून, पाणी न सांडता, वाट पाहावी. कॉक उघडल्यावर ओल परतली तर पाइप दोषी. पाणी सांडल्यावरच परतली तर सांडपाण्याची वाट दोषी.

येथे ‘काही दिवस’ म्हणण्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. मुंबईतल्या पुष्कळ इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला मिस्त्री लोक ‘संकन’ म्हणतात. त्या खोलगट भागात सांडपाण्याचे पाइप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर लाद्या बसवतात. लाद्यांच्या फटींतून झिरपलेले पाणी या भरणीत साठते आणि भरणी स्पंजासारखी भिजून राहते. वरच्या लोकांनी न्हाणीघर वापरणे थांबवले, तरी खाली चार-सहा दिवस ठिबकणे चालूच राहते आणि मग वरचे म्हणतात, “बघा, आम्ही वापरतही नाही, म्हणजे गळती आमची नव्हेच.” दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. अशा वादात रंगीत पाण्याची चाचणी उपयोगी पडते: नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून वरच्या न्हाणीघरात दोन इंच रंगीत पाणी किमान २४ तास साठवून ठेवायचे आणि खाली तो रंग उतरतो का ते पाहायचे. त्यानंतर तोंड उघडून पाणी वाहू द्यायचे आणि पुन्हा पाहायचे, म्हणजे दोष लादीत आहे की पाइपमध्ये, हेही कळते. चाचणीपूर्वी खालच्या घरातल्या लोकांना विश्वासात घ्यावे, कारण पाणी उतरले तर ते त्यांच्याच घरात उतरणार असते.

आणखी एक ओल अशी असते की ती गळतीच नसते. एसीने थंड झालेल्या भिंतीवर किंवा कपाटामागच्या कोंदट कोपऱ्यात हवेतली वाफ थिजते आणि तेथे काळी-हिरवी बुरशी धरते. ही ओल आतून आली की हवेतून, हे ओळखण्यासाठी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावून दोन दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर पाणी भिंतीतून येत आहे; खोलीकडच्या बाजूला साचले तर ते हवेतले आहे. दुसऱ्या प्रकारावर वॉटरप्रूफिंगचा कितीही खर्च केला तरी उपयोग होत नाही. तेथे कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा अर्धा तास चालू ठेवावा आणि बंद खोलीत कपडे वाळत घालणे टाळावे. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांच्या एका घाण्यातही एक-दोन लिटर पाणी उरलेले असते, आणि ते सगळे त्या खोलीच्या हवेत जाते.

भिंतीवर पांढरी, मिठासारखी पूड दिसत असेल तर तो लोणा होय. भिंतीत मुरलेले पाणी विटांतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. लोणा झाडून टाकता येतो, पण पाण्याचा मार्ग तसाच राहिला तर तो पुन्हा येतो. त्यावर घट्ट, पाणी न सोडणारा रंग लावला तर क्षार त्या रंगालाच आतून ढकलून सोलून काढतात. आमच्या घरात दोन वर्षे हेच घडत होते.

दुरुस्ती कोणी करायची

मूळ सापडले की पुढचा प्रश्न खर्चाचा. नवीन प्रकल्पात घर घेतलेल्यांनी स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ चे कलम १४ (३) माहीत करून घ्यावे. ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि तसे न झाल्यास महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, दाद मागता येते. तोंडी सांगणे पुरेसे नाही. छायाचित्रे जोडून, तारीख घालून, ईमेलने किंवा पोच घेऊन पत्राने कळवावे. माझी कळकळीची सूचना अशी की या ५ वर्षांत न्हाणीघराच्या लाद्या बदलण्याचा मोह आवरावा, कारण एकदा आपण तेथे छिन्नी चालवली की पुढे होणाऱ्या प्रत्येक गळतीचे खापर आपल्या माथी फोडले जाण्याची शक्यता असते. अलीकडच्या अनेक उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्यांना बोलीभाषेत मायवन म्हणतात. त्या भिंती स्वतःच इमारतीचा भार वाहतात. त्यांत पाइप किंवा वायर पुरण्यासाठी खोबण पाडणे म्हणजे खांबाला इजा करण्यासारखेच आहे.

जुन्या सोसायटीत घर घेतले असेल तर गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पाहावेत. पावसाच्या पाण्यामुळे होणारी बाहेरची गळती, तसेच सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. आपल्या शौचालयातली, सिंकची, न्हाणीघरातली अंतर्गत गळती सदस्याने. संस्थेकडे त्यासाठी सदस्यांकडून जमवलेला निधी असतो: बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी. घर घेतानाच या दोन निधींची शिल्लक आणि शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागून घ्यावा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे असे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. ३० वर्षांवरील इमारतींसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये स्थैर्याचे प्रमाणपत्रही लागते. नव्या सदस्याने पहिल्याच सभेत हे कागद मागण्यात संकोच वाटून घेऊ नये.

साफसफाई: मळ ओळखा, मग बाटली उचला

दुकानातल्या बाटल्यांची संख्या पाहून साफसफाईचे शास्त्र फार गुंतागुंतीचे आहे असे वाटते, परंतु घरातल्या चिवट मळाचे ढोबळमानाने तीनच प्रकार असतात. पहिला तेलकट मळ, म्हणजे ओट्यामागच्या लाद्या, चिमणीची जाळी, पंख्याची पाती. दुसरा क्षारांचा मळ, म्हणजे नळाच्या तोंडावरचा, शॉवरमधला, शौचकूपाच्या कडेचा पांढरा-पिवळा थर. तिसरा सजीव मळ, म्हणजे बुरशी, शेवाळ आणि जंतू. पहिल्याला अल्क लागते, दुसऱ्याला आम्ल लागते आणि तिसऱ्याला जंतुनाशक.

अल्क तेलाचा साबण करते. म्हणूनच गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून चिमणीची स्टीलची जाळी अर्धा तास बुडवून ठेवली की घासण्याचे श्रम वाचतात. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नये, कारण तो ॲल्युमिनियमला खातो. तेथे भांड्यांचा साबण आणि गरम पाणी पुरते. आम्ल क्षार विरघळवते, म्हणून नळावरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके गुंडाळून ठेवतात. महापालिकेचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येते आणि ते बरेच मृदू असते. ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळते, तेथे क्षारांचा त्रास पुष्कळ अधिक होतो, आणि तेथे गीझरची कॉइलही वेळोवेळी साफ करून घ्यावी लागते.

आम्लाच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आम्लात विरघळतात. संगमरवरी फरशीवर लिंबाचा रस सांडून जो निस्तेज डाग पडतो तो मळ नसतो. तेथला दगडच झिजलेला असतो. सिमेंटचे ग्राउटही आम्लात विरघळते. न्हाणीघराच्या लाद्या चकचकीत व्हाव्यात म्हणून दर आठवड्याला ‘ॲसिड’ ओतण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती लाद्यांमधल्या फटी उघड्या करते, त्या फटींतून पाणी संकनमध्ये उतरते आणि वर वर्णन केलेली गळतीची सगळी साखळी सुरू होते. माझ्या मते मुंबईतल्या न्हाणीघरांचे सर्वाधिक नुकसान याच एका सवयीने होत असावे. साध्या साबणाच्या पाण्याने रोज घासून वायपरने पाणी ओढले, तर ॲसिडची गरज पडत नाही. ग्राउट फुटलेच असेल तर खरवडून तेथे एपॉक्सी ग्राउट भरून घ्यावे. ते महाग असते, पण पाणी शोषत नाही आणि आम्लालाही बरेच दाद देत नाही.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. शौचकूप साफ करण्याच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरीत हायपोक्लोराइट असते. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. दार बंद असलेल्या चार बाय पाच फुटांच्या न्हाणीघरात त्याची मात्रा फुप्फुसांना गंभीर इजा करण्यास पुरेशी होऊ शकते. अमोनिया असलेल्या काच-सफाईच्या द्रावणात ब्लीच मिसळले, तरीही विषारी वायू तयार होतात. एका वेळी एकच द्रावण वापरावे, मध्ये भरपूर पाणी ओतावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगावे, कारण धोका त्यांच्या वाट्याला अधिक येतो. त्यांना हातमोजे देणे ही आपली जबाबदारी आहे.

याउलट, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढण्याचा लोकप्रिय उपाय निरुपद्रवी आहे, परंतु तो निरुपयोगीही आहे: आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. दोन्ही वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. जंतुनाशकाविषयी एवढेच की ते मळावर काम करत नाही. आधी साबणाने मळ काढावा, मग जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा दहा मिनिटे, ते ओले राहू द्यावे आणि मग पुसावे. शिंपडून लगेच पुसले तर फक्त वास बदलतो.

जाणारे पाणी

सिंकखाली, बेसिनखाली आणि जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाइप मुद्दाम वाकवलेला असतो किंवा वाटीसारखी रचना असते, आणि तेथे सुमारे दोन इंच पाणी कायम उभे राहते. तेच पाणी गटारातला वायू आणि झुरळे यांना घरात येऊ देत नाही. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराला किंवा ड्राय एरियाला (स्वयंपाकघरालगतच्या धुण्या-भांड्यांच्या जागेला) दुर्गंधी येऊ लागली, तर बहुतेक वेळा ते पाणी सुकलेले असते आणि एक तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. सुगंधी गोळ्या टाकण्यापूर्वी हे करून पाहावे.

चोकअप होण्याचे मुख्य कारण तेल आणि केस हे असते. तळणीचे उरलेले तेल सिंकमध्ये ओतले की ते पाइपमध्ये थिजते, त्याला भाताची शिते आणि चहाचा चोथा चिकटतो आणि हळूहळू वाट अरुंद होते. तेल जुन्या बाटलीत भरून टाकावे, चोथा ओल्या कचऱ्यात घालावा. चोक काढताना आधी रबरी पंप वापरावा. कॉस्टिक सोड्याची पूड पाण्यात तीव्र उष्णता निर्माण करते आणि उसळून डोळ्यांत गेल्यास कायमची इजा करू शकते.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक हिशोब ठेवावा लागतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली आणि गॅलरीतली बादली आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

वीज आणि गॅस

हे दोन विषय थोडक्यात सांगते, कारण यांत स्वतः हात घालण्यापेक्षा परवानाधारक माणसाला बोलावणे हेच शहाणपणाचे असते. घराच्या विजेच्या पेटीत आरसीसीबी हा सुरक्षा स्विच बसवलेला आहे का ते पाहावे. ओल्या हातांनी, भिजलेल्या भिंतीतून किंवा खराब गीझरमधून विजेची गळती झाली, तर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी क्षणार्धात पुरवठा तोडतो. नुसता एमसीबी हे काम करत नाही. तो जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांपासून वायरिंगला वाचवतो, माणसाला नव्हे. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो याची खात्री करावी. ओल आलेल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड भिंत सुकेपर्यंत वापरू नये.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवू नये. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि आत असलेल्या माणसाला धोका कळण्याआधी शुद्ध हरपू शकते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, तर पाइपने येणारा गॅस हलका असल्यामुळे वर जातो. वास आल्यावर दोन्ही वेळी विजेचे कोणतेही बटण न दाबता कॉक बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या, परंतु पाइप गॅसच्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूचे वायुवीजन बुजवलेले नाही ना, हे आधीच पाहून ठेवावे. सिलिंडरची नारिंगी रबरी नळी ५ वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते.

मुंबईचे देखभालीचे वर्ष

आपल्याकडे दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची प्रथा आहे, आणि ती मनाला कितीही प्रिय असली तरी मुंबईच्या हवेत ती भिंतीच्या हिताची नाही. पावसाळा संपून जेमतेम काही आठवडे झालेले असतात, चार महिने पाणी प्यायलेली भिंत आतून ओलीच असते आणि तिच्यावर रंगाचे झाकण बसते. जाड भिंत सुकायला आठवडे नव्हे, महिने लागतात. दिवाळीला घर झाडून-पुसून, पडदे धुऊन, दिव्यांनी सजवावे. गिलाव्याची दुरुस्ती डिसेंबर-जानेवारीत करावी, त्यावर पाणी मारून ती पक्की होऊ द्यावी, आणि रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा. आम्ही तिसऱ्या वेळी तसेच केले. न्हाणीघराचे ग्राउट आणि नहाणी ट्रॅपचा सांधा आधी दुरुस्त केला, भिंत गिलावा काढून तीन महिने तशीच उघडी ठेवली, आणि मार्चमध्ये दिलेला रंग आजही टिकून आहे.

मे महिन्यात गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या वाटा, खिडक्यांच्या पट्ट्या, एसीचा पाणी सोडणारा पाइप आणि बाहेरचे तडे तपासावेत. गच्ची सोसायटीची असली तरी वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने ती स्वतः जाऊन पाहावी, कारण तेथले बुजलेले एक भोक त्याच्या छताला पुरेसे असते. पाण्याच्या टाक्या वर्षातून दोनदा धुतल्या जातात का, हेही सेक्रेटरींना विचारावे.

आणि गणपतीला गावी निघताना, ऐन पावसात घर आठ-दहा दिवस बंद राहणार असते, तेव्हा पाच मिनिटे अधिक द्यावीत. मुख्य स्टॉप कॉक बंद करावा. गीझरचा आणि टीव्हीचा स्विच बंद करावा. ओला कचरा घरात ठेवू नये. कपाटांची दारे थोडी उघडी ठेवावीत, म्हणजे आत बुरशी धरत नाही. आणि नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाचा तवंग त्या पाण्याला उडून जाऊ देत नाही, आणि परत आल्यावर दार उघडताना गटाराचा वास येत नाही.